डाव्या हाताचं पिस्तूल

आमच्या मंडळाच्या गणपतीत नवीन कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" इथे नेदरलँड्समध्ये मराठी माणूस म्हणजे आयटी, नाहीतर विद्यापीठ. मी तोंड उघडायच्या आत आमचे हे मध्ये पडायचे. "वैशाली प्रिसिजन इंजिनिअरिंगमध्ये आहे." मग मी मुद्दाम म्हणायचे, "पिस्तुलं बनवते." समोरच्या बाईच्या हातातला मोदक तिथेच थांबायचा, आणि घरी जाताना गाडीत ह्यांचं तोंड फुगलेलं असायचं.

आता बनवत नाही. कारखाना बंद झाला आणि त्या जागी हल्ली कुणीतरी बागेचे झोपाळे विकतं. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "कामातले गमतीदार अनुभव लिहा" अशी फर्माईश आली, तेव्हा मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं तर गमतीदार असं फारसं हाताला लागेना. जे लागलं ते लिहिते. गोड मानून घ्या.

मी मूळची चिंचवडची. पॉलिटेक्निकमध्ये टूल अँड डायचा डिप्लोमा केला, वर्गात आम्ही दोघीच मुली. लग्नानंतर ह्यांच्या नोकरीपायी नीउ-व्हेनेपला आले आणि दोन वर्षं घरात बसून भिंतींशी बोलले. मग गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याला बारीक हाताचा फिटर हवा आहे असं कळलं. आत गेल्यावर कळलं की तिथे नेमबाजीच्या स्पर्धेची पिस्तुलं बनतात. मालकाचं नाव विलेम. उंच, मितभाषी, चेहऱ्यावर कायम दाढदुखी असल्यासारखा भाव. त्यानं माझ्या हातात एक पोलादी तुकडा दिला आणि कानस दिली. मी तासलं, त्यानं भिंगातून पाहिलं, आणि म्हणाला, "सोमवारपासून ये." पण तो सोमवार उगवायला कितीतरी महिने गेले, कारण माझी चौकशी झाली. इथल्या पोलिसांची झाली, पुण्याहून दाखला आला, शेजाऱ्यांना कुणी काही विचारलं असेल तर देव जाणे.

माझं काम ट्रिगरचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, चाप ओढला की गोळी सुटते, त्यात काय एवढं! अहो, सगळं त्यातच आहे. आत दोन पोलादी कडा एकमेकींवर टेकलेल्या असतात. बोटानं दाबलं की एक सरकते आणि दुसरीला सोडते. ती सरकताना जरा जरी खरखरली तरी नेमबाजाचा हात हलतो. पिकल्या चिकूचा देठ सुटतो तसं ते सुटलं पाहिजे. त्यासाठी तेलाच्या दगडावर त्या कडा घासत बसायचं, पुन्हा जोडायचं, पुन्हा काढायचं. शेवटी पिस्तूल नळी वर करून धरायचं आणि ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवून उचलायचं. वजन तोललं गेलं तर पास. आतला घोडा सुटून पडला तर नापास, कारण त्याहून हलका ट्रिगर स्पर्धेत चालत नाही. विलेम हे वजन उचलताना श्वास रोखायचा. इतकी वर्षं झाली तरी रोखायचा.

आता कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच आहे. या देशात "स्वतःच्या संरक्षणासाठी" म्हणून पिस्तूल मिळत नाही. संपला विषय. नेमबाजीच्या क्लबात जा, उमेदवारी करा, चौकशीला तोंड द्या, मग परवाना. तोही दरवर्षी नवा करायचा, आणि वर्षभर क्लबात हजेरी लावल्याचं दाखवायचं. पिस्तूल घरच्या तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली फक्त परवाना असलेल्या माणसाकडे. बायकोलासुद्धा ती कुठे आहे हे माहीत नसायला हवं. बनवणाऱ्यांची गत तर विचारू नका. नळी, सांगाडा, वरचा सरकता भाग, यातला एकेक सुटा तुकडा कायद्याच्या लेखी अख्खं पिस्तूल. नंबर घातल्याशिवाय तो बाकावर ठेवता येत नाही. जेवायला उठले तरी तिजोरीच्या खोलीत टाकून कुलूप लावायचं. बेल्जियम इथून गाडीनं कितीसं लांब, पण तिकडे एक पिस्तूल पाठवायचं तर मुलीचं लग्न जमवणं सोपं.

मी या कायद्याच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकते. आपण काय घडवतो आहोत ते मला ठाऊक होतं. एकदा मंडळातले एक सद्गृहस्थ, मोठ्या बँकेत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, सांगलीकडे आमचं फार्महाऊस आहे. एखादा फॅक्टरी सेकंड पीस मिळेल का हो?" जणू मी पैठणीच्या दुकानात कामाला! मी म्हटलं, "भाऊजी, मिळेल की. तुम्हाला तुरुंगात डबा कोण पोचवणार तेवढं ठरवून या." त्यानंतर ते मला आरतीच्या ताटासमोरसुद्धा टाळायचे. अशी माणसं आहेत म्हणून कायदा कडक हवा, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण कायद्यात बसणारी माणसं कायद्याला सापडतात तेव्हा काय होतं, ते मी हेंकच्या वेळी पाहिलं.

हेंक बाडहूव्हडॉर्पचा. स्किपोल विमानतळावर आयुष्यभर लोकांच्या बॅगा चढवल्या-उतरवल्या, आणि विमानांच्या आवाजानं एक कान गमावून निवृत्त झाला. डावखुरा होता. डाव्या हाताचं पिस्तूल तयार मिळत नाही, वेगळं बनवून घ्यावं लागतं. ते विलेमनं मला बनवू दिलं, अथपासून इतिपर्यंत. मी पहिल्यांदा एकटीनं केलेलं पिस्तूल ते. हेंक दर मंगळवारी सकाळी क्लबात जायचा. बक्षीसबिक्षीस कधी मिळालं नाही, त्याला त्याची फिकीरही नव्हती. मला म्हणायचा, "वैशाली, आठवड्यात तेवढा एक तास माझं डोकं गप्प बसतं. बाकी सगळा वेळ आत विमानं चालू असतात." बंद पडलेल्या त्या कानात त्याला अखंड घरघर ऐकू यायची. त्यावर औषध नव्हतं. नेम धरताना मात्र ती थांबायची. डॉक्टरलाही ते का ते सांगता येत नव्हतं.

मग कोविड आला. सगळ्या जगानं घरून काम सुरू केलं. आमचे हे जेवणाच्या टेबलावर, मुलगा ईशान वरच्या खोलीत, आणि दोघंही मला म्हणायचे की तूही घरीच थांब. मी ईशानला म्हटलं, "अरे, मी काम घरी आणलं तर दारात पोलिसांची गाडी येईल." तो डचमध्ये म्हणाला, "मस्तच, निदान काहीतरी घडेल." तर मी रोज जायचे. कारखान्यात मी आणि विलेम, मधे दीड मीटर अंतर, दोघांच्या तोंडाला मास्क. क्लब बंद. क्लब बंद म्हणून नवे सभासद नाहीत, सभासद नाहीत म्हणून परवाने नाहीत, परवाने नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. तयार झालेली पिस्तुलं तिजोरीच्या खोलीत रांगेनं पडून. ती दुकानासारखी सेलमध्ये काढता येत नाहीत, कुणाला उसनी देता येत नाहीत, भाड्याच्या गोदामात हलवता येत नाहीत. खोलीचा अलार्म, तपासण्या, विमा, सगळं मात्र तसंच चालू.

त्यातच कळलं की हेंकला दवाखान्यात नेलं आणि तिथे व्हेंटिलेटरवर ठेवलं आहे.

पुढच्या आठवड्यात दारावरची बेल वाजली. कॅमेऱ्यात हेंकची बायको दिसली. तिचं नाव रिया, आपल्याकडे असतं तेच. बाडहूव्हडॉर्पहून सायकल मारत आली होती, गाल लाल, डोळे त्याहून लाल. मी दार उघडलं. वाटलं, हेंक गेला. तिनं सायकलच्या पिशवीतून एक फ्लॉवर काढून काउंटरवर ठेवला, मग कोथिंबिरीसारखी दिसणारी एक जुडी, आणि तिच्या खालून पिस्तुलाची पेटी.

"ट्रिगर अडकतोय असं तो म्हणत होता," ती म्हणाली. "क्लब उघडले की वैशालीकडे नेईन म्हणत होता. तर म्हटलं, तो घरी येईल तोवर तयार असू दे. आल्यावर त्याला दाखवीन. मला ही एकच गोष्ट करता येण्यासारखी आहे, दुसरं काहीच करता येत नाही. भेटूसुद्धा देत नाहीत."

मी पेटीकडे बघत राहिले. परवाना नसलेल्या बाईनं तिजोरी उघडून पिस्तूल भाजीच्या पिशवीतून दोन गावं पार करून आणलं होतं.

"किल्ली?" विलेमनं विचारलं. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"शिवणाच्या मशीनच्या खणात असते," रिया म्हणाली. "त्याला वाटतं, मला माहीत नाही. चाळीस वर्षं संसार केला, मला माहीत नसणार?"

काय बोलणार यावर! कुठल्या बायकोला नवऱ्याची लपवायची जागा माहीत नसते? कायदा करणाऱ्यांनी लग्नं केलेली नसतात का, असं त्या क्षणी मला ओरडून विचारावंसं वाटलं.

विलेमनं मला मागच्या खोलीत नेलं. मी ग्राइंडर चालू केला, म्हणजे तिला आमचं ऐकू जाणार नाही. तो म्हणाला, "तिनं नुसता फोन केला असता तर मी स्वतः गाडी घेऊन गेलो असतो. मला आणायचा अधिकार आहे. नाहीतर ते तिजोरीत पडून राहिलं असतं, कुणाचं काही बिघडलं नसतं. या वर्षी क्लबातली हजेरीसुद्धा माफ आहे."

"मग गाडी काढ ना," मी म्हटलं. "पेटी घे, तिला घे, नेऊन तिजोरीत ठेव. संपलं."

"दाराशी कॅमेरा आहे."

"पुसून टाक."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. पण मी ऐकणारी नव्हे. मराठीत जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, माणूस तिकडे श्वासासाठी झगडतोय आणि तुला कॅमेऱ्याची पडली आहे? मग तेच डचमध्ये बोलले, जरा कमी तिखट. विलेम म्हणाला, "या दारातून आत आलेल्या प्रत्येक पिस्तुलाची नोंद करीन, असा शब्द मी दिला आहे. माझ्या वडिलांनी दिला होता. तो शब्द आहे म्हणून तर मला हे करू देतात. उद्या पिस्तुलं बनवायची माझी सरकारी मान्यता गेली तर तूही घरी बसशील." इकडे आड, तिकडे विहीर. त्यानं फोन उचलला आणि परवान्यांचं काम बघणाऱ्या पोलिसाला सगळं खरं खरं सांगितलं.

तो पोलीस लगेच आला. भला माणूस होता. रियाशी फार हळू बोलला. तिच्यावर खटलाबिटला भरला नाही, समज दिली. पण किल्ली दुसऱ्याच्या हाती लागत होती, हे आता लपण्यासारखं राहिलं नव्हतं. हेंकचा परवाना रद्द झाला. तो तेव्हा बेशुद्धच होता. दवाखान्यात पोटावर पालथा झोपवलेल्या माणसाचा परवाना इकडे रद्द होत होता, आणि रिया काउंटरवर भाजी गोळा करत "सॉरी, सॉरी" म्हणत होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं. दीड मीटरचा नियम होता.

हेंक वाचला. त्याच्या वॉर्डातले सगळे वाचले नाहीत. तो घरी आला तेव्हा काठी नव्हे, चार चाकांचा, वर बसता येईल असा वॉकर लागत होता, आणि कानातली घरघर पहिल्यापेक्षा वाढली होती. विलेमनं त्याला फोन करून सांगितलं की पिस्तूल माझ्या साठ्यात ठेवतो, काही काळानं तू पुन्हा अर्ज कर, मिळालाच परवाना तर ते तुझंच आहे. हेंक म्हणाला म्हणे, "मग मी चालायला शिकतो." आणि खरंच शिकू लागला. रिया मला कळवायची, आज कोपऱ्यापर्यंत गेला, आज पुलापर्यंत. मी ह्यांना वाचून दाखवायचे. ह्यांनाही तोवर त्या माणसाचा लळा लागला होता, न बघताच.

पण विलेमचा शब्द टिकवायला विलेमचा कारखाना टिकायला हवा होता. क्लब उघडले, पुन्हा बंद झाले, पुन्हा अर्धेमुर्धे उघडले. म्हातारे सभासद गेले किंवा यायचे थांबले. त्यांच्या मुलांना परवाना नाही, म्हणून बापाचं पिस्तूल त्यांना हातातही धरता येईना. ते फोन करायचे, विलेम जाऊन घेऊन यायचा, आणि आमची खोली मेलेल्या माणसांच्या पिस्तुलांनी भरत चालली. विकत घ्यायला कुणी नाही. एका सकाळी विलेमनं कोट न काढताच मला सांगितलं, "मी मान्यता परत करतोय." ज्या मान्यतेसाठी हेंकचं सगळं गेलं होतं, ती मान्यता.  

मान्यता परत करायची म्हणजे खोली रिकामी करायची. चांगला माल दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं उचलला. हेंकचं डाव्या हाताचं पिस्तूल त्याला नको होतं, आणि हेंकला नवा अर्ज करायला अजून अवकाश होता. विलेमनं ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, मीही बेल्जियममधल्या एका डावखुऱ्या बाईंना पत्र घातलं. नाहीच जमलं. मग ते कापायचं ठरलं. नळी, सांगाडा, सरकता भाग, तिन्ही करवतीखाली, पोलिसांच्या देखत.

हेंक म्हणाला, मला यायचं आहे. रिया त्याला घेऊन आली. तो काउंटरपलीकडे वॉकरवर बसला. मास्कच्या वर नुसते डोळे. मी पेटी उघडली तेव्हा तो म्हणाला, "ट्रिगर खरंच अडकत होता. बघितलास?"

बघितलं नव्हतं. एवढ्या सगळ्यात ते राहूनच गेलं होतं. मी पोलिसाकडे पाहिलं, त्यानं मान हलवली. मग मी ते उघडलं. एका कडेवर बारीकसा ओरखडा आला होता. दगडावर घासलं, तेल दिलं, जोडलं. नळी वर धरून वजन उचललं. वजन तोललं गेलं. हेंकनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण आता त्याला ते धरायचा अधिकार नव्हता. मीच त्याच्यासमोर एकदा ओढून दाखवलं. "छान," तो म्हणाला. "आता छान झालंय."

करवत मी चालवली. विलेम म्हणाला होता, मी करतो. पण बनवलं मी होतं. पोलाद चांगलं होतं, वेळ लागला. इतकं चांगलं कशाला बनवलं, असंही एकदा मनात आलं.

नंतर आम्ही बाहेर पार्किंगमध्ये उभे होतो. वारा नेहमीसारखाच बोचरा. विलेम आत पोलिसाबरोबर सह्या करत होता. रियानं फ्लास्कमधून कॉफी ओतली, एक कप मला दिला, आणि नजर कपावर ठेवूनच म्हणाली, "वैशाली, एक विचारू? खरं सांग. मी त्या दिवशी ते आणलं नसतं, तर आज त्याच्याकडे असतं?"

असतं. तिजोरीत असतं. आमचा कारखाना बुडाला असता तरी ते त्याच्या घरी सुखरूप असतं. पुलापर्यंत चालणारा माणूस वसंतात क्लबापर्यंत चालला असता, आणि मंगळवारचा एक तास त्याची विमानं थांबली असती.

"नाही," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या आजारानंतर परवाना नवा करून देत नाहीत. तसाही गेलाच असता."

माझ्या डोंबलाचा असा नियम आहे! आजारपणानं परवाना जात नाही. आणि हे हेंकला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, त्याला ते नियम पाठ होते. तो माझ्या दुसऱ्या बाजूला होता, त्याचा चांगला कान माझ्याकडे. मी त्याच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

त्यानं रियाकडे मान वळवली. मग म्हणाला, "खरं आहे रिया. गेलाच असता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतका मोठा श्वास सोडला की मास्क फुगला.

"मग आज मला झोप लागेल," ती म्हणाली.

"लागेल, लागेल," हेंक म्हणाला. "झोप तू."